मागचं डावं चाक

माझी बायको समजते की मी तिच्यापासून काही लपवत नाही. लग्न ठरताना मी तिला माझं एक जुनं प्रकरण आपणहून सांगितलं होतं, तेवढ्यावरून तिचा हा समज झाला. पण त्या अपघाताबद्दल तिला तेवढंच माहीत आहे, जेवढं सगळ्या लाखनीला माहीत आहे. आईलाही तेवढंच. खरं काय झालं ते दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी. दुसऱ्यानं सांगितलं होतं, भर रस्त्यावर, चारचौघांत — पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

ऐकलं नाही, की मी ऐकू दिलं नाही? थांबा. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मी परत वळसा घालीन. सात वर्षं तेच करतो आहे.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा. भंडाऱ्याला बँकेत नोकरी, लाखनीहून रोजचं जाणं-येणं. आणि मी गाडी घेतली — टर्बो इंजिनची, लाल, छोटी पण भन्नाट पळणारी. आमच्याकडे लोक गाडी घेतात ती सात जण बसतील अशी, मागे धानाचं पोतं मावेल अशी. माझी गाडी पाहून बाबा एवढंच म्हणाले, "चांगली हाय. बसाले थोडी खाली हाय." बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं.

गाडी आली आणि मला वेड लागलं. रोज व्हिडिओ पाहायचो — नव्या माणसानं गाडीत आधी काय बदलावं, मग काय बदलावं. एअर फिल्टर, सायलेन्सर, गाडी खाली बसवणारे स्प्रिंग, रुंद चाकं. नागपुरात अशा गाडीवाल्यांचा एक ग्रुप होता, त्यात फोटो पडायचे. त्यांच्या गाड्यांपुढे माझी गाडी मला शोरूममधून आत्ताच उतरलेली, भोळी वाटायची.

मिलिंदचं गॅरेज हायवेला होतं. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, बाबांचा विद्यार्थी. आठवीत असताना त्यानं शाळेचा बंद पडलेला पंप उघडून चालू केला होता, हे बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, मोठ्या गाड्यावाले — सगळे त्याच्याकडे येत. त्यानं माझं वेड हसण्यावारी नेलं नाही. उलट नीट समजावलं. "नितीनभाऊ, पयले ब्रेक चांगले करा. मंग टायर. गाडी पळते तर हायेच, थांबली पायजे." मी ब्रेकपॅड बदलले, पण त्यात मजा नव्हती. ब्रेकपॅड फोटोत दिसतात का?

एका गुरुवारी त्यानं माझ्या गाडीला नवे स्प्रिंग बसवले. त्या दिवशी मी सोबत एक डबा घेऊन गेलो होतो. स्पेसर. म्हणजे ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या. चाकाच्या आत बसवल्या की चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी मागून रुंद, दणकट दिसते. मिलिंदनं डबा उघडला, चकती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

"हे नाही लावत मी. यासंग लांब बोल्ट लागते. कंपनीचे बोल्ट आखूड पडतीन, चार-पाच आटे पकडतीन फक्त. चाक निघून जाईन."

"सगळे लावतात," मी म्हणालो.

"लावत असतीन. लांब बोल्ट बोलावून घ्या, आठ दिवसांत येते. मंग आणा, पाच मिनिटांचं काम हाय."

आठ दिवस. तेवढीच गोष्ट होती. पण रविवारी नागपूरला त्या ग्रुपच्या गाड्या जमणार होत्या. आणि खरं सांगू? रविवार हे निमित्त होतं. मला त्याचं "नाही" लागलं होतं. तो मला नाही म्हणाला — तो, मला. हे शब्द मनात असे उघडे आले नव्हते, पण होते तेच. त्याच्या घरावर निळा झेंडा होता आणि आमच्या आळीत त्या घराबद्दल जे बोललं जायचं ते मी लहानपणापासून ऐकलं होतं. बाबा तसं बोलत नसत. मीही बोलत नसे. मी नुसतं ऐकून मोठा झालो होतो.

रविवारी सकाळी अंगणात जॅक लावला. मागची दोन्ही चाकं काढली, चकत्या बसवल्या, आखूड बोल्टांनीच चाकं कसली. बोल्ट किती कमी फिरून अडकतो आहे, हे माझ्या हाताला कळत होतं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. म्हणाले, "मिलिंदकडून काऊन नाही करून घेतलं?" मी म्हणालो, "चाकं फक्त धुतो आहे." पहिलं खोटं ते होतं, आणि ते अपघाताच्याही आधीचं आहे.

नागपुरात फोटो निघाले. लोक म्हणाले, मागून भारी दिसते.

पुढच्या शुक्रवारी मागून खट-खट आवाज यायला लागला. मी गाणी मोठी केली.

शनिवारी बँकेला सुट्टी. बाबांना आत्याकडे जायचं होतं. ते एसटीनंच जाणार होते, पिशवी भरून तयार होते. मीच आग्रह केला. त्यांनी एकदा तरी गाडीत बसावं, गाडी वेग कसा पकडते ते पाहावं, असं मला वाटत होतं. आतल्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "मागं काहीतरी वाजून राहिलं रे." मी म्हणालो, "रस्ता खराब आहे, बाबा." आणि मी वेग वाढवला. त्यांना दाखवायला.

मागचं डावं चाक निघालं. आमच्या गाडीचं चाक आमच्याच पुढे धावत गेलेलं मी पाहिलं. गाडी घासत डावीकडे ओढली गेली, रस्त्याखाली उतरली आणि बाबांच्या बाजूनं बांधावर आदळली. रोवणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी भरलेलं. गाडीचं तोंड धानात आणि मागचा भाग वर, रस्त्याच्या कडेला अधांतरी.

मला काही झालं नव्हतं. बाबा माझं नाव घेत होते. ओरडत नव्हते — मोठं बोलायची त्यांना सवयच नव्हती — नुसतं "नितीन, नितीन" म्हणत होते.

आता ती गोष्ट. इथवर यायला मला एवढा वेळ लागला.

मी बाहेर पडलो आणि त्यांच्या दाराकडे गेलो नाही. मी मागे गेलो. चकती तिथेच होती, चिकटून बसलेली. पायाखाली पाना पडला होता, डिक्कीतून उडालेला. मी तो उचलला आणि चकतीला ठोकलं. दोनदा, तीनदा. ती निघाली. गरम होती, बोटं भाजली. मी ती लांब फेकली, बांधीतल्या चिखलात. मग बाबांचं दार उघडलं. मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला.

किती वेळ गेला असेल? एक मिनिट? दोन? त्या वेळानं त्यांच्या हाडात काही फरक पडला नाही, डॉक्टर तसं म्हणाले असते, मी कधी विचारलं नाही. पण मी आधी काय केलं ते मला माहीत आहे.

बाबांचा खुब्याचा सांधा मोडला होता. नागपूरला ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मामांनी विचारलं, "नवी गाडी, चाक निघलं कसं?" मी म्हणालो, "मागच्या गुरुवारी मिलिंदकडे काम केलं होतं. चाकं काढली होती त्यानं."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पाहा ना. मी एवढंच बोललो. उरलेलं मामांनी केलं, मग मामांच्या ओळखीच्यांनी, मग चहाच्या टपऱ्यांनी. आठ दिवसांत सगळ्यांना माहीत झालं की मिलिंदनं बोल्ट सैल सोडले. कोणी विचारलं नाही की सैल बोल्टांवर गाडी नऊ दिवस नागपूर-भंडारा कशी फिरली. त्याच्या जागी आमच्यातला कोणी असता तर विचारलं असतं. मला हे तेव्हाही कळत होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. "त्यांच्या हातात गाडी द्यायचीच कायले?" असं कोणीतरी माझ्यासमोर म्हणालं. मी मान हलवली नाही. पण गप्प बसलो.

दुसरी चकती मी गाडी घरी आणल्यावर काढली, दुपारी, आई दवाखान्यात असताना, आणि गावाबाहेरच्या बोडीत, तळ्याच्या पाण्यात टाकली.

दोन महिन्यांनी बाबा वॉकर धरून चालायला लागले आणि म्हणाले, "मले मिलिंदकडे ने." मी टाळलं. ते मामांना घेऊन निघाले, मग मला जावंच लागलं. गॅरेजसमोर तीन-चार गिऱ्हाईकं होती. बाबा म्हणाले, "मिलिंद, मी तुया हाताचं कौतुक सगळ्याईले सांगत होतो. पाच बोल्ट नाही कसता आले तुले?"

मिलिंद हात पुसत बाहेर आला. त्यानं खुर्ची पुढे केली, बाबा बसले नाहीत.

"गुरुजी, मी कसले होते. यानं मंग चाकात स्पेसर टाकले. डबा घेऊन आला होता माह्याकडं, मी नाही म्हटलं. विचारा याले."

बाबा माझ्याकडे वळले. अजूनही त्यांचा तो चेहरा मला दिसतो. राग नव्हता, ते खरोखर विचारत होते. वर्गात एखाद्या पोराला विचारावं तसं.

"कोणता डबा?" मी म्हणालो.

मिलिंद माझ्याकडे पाहत राहिला. "नितीन, तुया बाप उभा हाय समोर," एवढंच म्हणाला. भाऊ म्हणणं, तुम्ही म्हणणं, सगळं त्या वाक्यात संपलं.

"मला माहीत नाही हा कशाबद्दल बोलतो आहे," मी म्हणालो. माझा आवाज हलला नाही.

बाबा म्हणाले, "माया पोरगा खोटं नाही बोलत." आणि वॉकर वळवला.

गुरुजींनी सांगितलं म्हणजे गावापुरतं झालं. गॅरेजसमोरच्या गाड्या कमी होत गेल्या. आधी घरच्या गाड्या गेल्या, मग ट्रॅक्टर. परगावचे ट्रकवाले थांबत राहिले, पण तेवढ्यावर किती दिवस? दीड वर्षानं शटर बंद झालं आणि तो बायको-मुलींना घेऊन नागपूरला गेला. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी रोज त्यावरून जातो.

तुम्हाला वाटेल, बाबांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण एकदा, अपघाताला वर्ष होत आलं असेल, जेवताना त्यांनी विचारलं, "मी तुले हाका मारत होतो ना, तवा मागं ठोकल्याचा आवाज येऊन राहिला होता. काय ठोकत होता तू?"

"डिक्की अडकली होती, बाबा. पाण्याची बाटली काढायची होती."

"हो काय," ते म्हणाले आणि भातावर वरण घेतलं.

त्यानंतर ते मी चालवत असलेल्या कुठल्याही गाडीत बसले नाहीत. वॉकर घेऊन एसटीत चढायचे, कंडक्टर हात द्यायचा. लोक मला म्हणायचे, गुरुजींना गाडीनं का नेत नाहीस? बाबाच मध्ये बोलायचे, "मले एसटी बरी पडते." चार वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं. मग गेले. मी एकदाही विचारलं नाही की का. त्यांनीही सांगितलं नाही. मिलिंदकडे मात्र ते परत गेले नाहीत; जायला हवं होतं, हे त्यांना कळलं असेल, तर ते ओझं मीच त्यांच्या अंगावर टाकलं.

मागच्या वर्षी मी दुसरी गाडी घेतली. साधी, सात जणांची. सर्व्हिसिंगला नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, तर सुपरवायझर म्हणून हातात कागद घेऊन मिलिंद आला. केस पांढरे झालेले. कागदावरचं माझं नाव त्यानं सकाळीच वाचलं असणार, कारण तो दचकला नाही.

"सर, या बाजूला या," म्हणाला. त्यानं पाना घेतला आणि चारही चाकांचे बोल्ट एकेक करून माझ्यासमोर परत कसले. प्रत्येक वेळी पान्याचा कट्ट आवाज आला की माझ्याकडे पाहायचा, मी मान हलवली की पुढचा. घाई नाही, राग नाही. शेजारचा एक मुलगा हसत म्हणाला, "साहेब, ते सगळ्यांनाच असं उभं करतात. सवय आहे त्यांची."

मग मिलिंदनं कागद पुढे केला. "गिऱ्हाईकासमोर कसले" असं त्यावर पेनानं लिहिलेलं होतं, छापलेलं नव्हतं.

"सही करा, सर."

आजूबाजूला चार माणसं होती. एक वाक्य पुरलं असतं. मी सही केली, चावी घेतली आणि निघालो.