चूल उखडलेली, पेटी कुलूपबंद

नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो, हा मात्र पंचनाम्याच्या ओळींसकट आठवतो.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकणारी एक मुलगी महिनाभर प्रशिक्षणाला आली होती. गुन्हेगारी काय वर्गात बसून शिकायची असते, असं म्हणून मी तिला जुने पंचनामे वाचायला बसवलं.

त्याच आठवड्यात ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईने फिर्याद दिली. बंद घर फोडून मुलीच्या लग्नासाठी जपलेले चांदीचे दागिने नेले होते. खबऱ्याने सांगितलं, गावातला एकजण त्या घरामागे दिसला होता. त्याच्यावर चोरीचा जुना गुन्हा होता. शिक्षा भोगून तो आता मानवतला कापसाच्या जिनिंगवर हमाली करत होता. उचलून आणला. दिवसभर विचारलं, तो नाहीच म्हणत राहिला. बायको ठाण्याबाहेर बसून होती. अटक झाली की काम सुटणार, एवढंच तिचं म्हणणं. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तेवढ्यात ती मुलगी याच घरफोडीचा, माझाच पंचनामा घेऊन आली.

"सर, ऊसतोडीला जाताना आमची माय बी चुलीखाली डबा पुरायची. जागा घरच्यायलाच ठाऊक असती. इथं पेटीला हात न्हाई लावला, चूलच उखडली. ह्याला कसं कळलं?"

'चूल उखडलेली, पेटी कुलूपबंद' ही ओळ माझ्याच हातची होती. मला लाज वाटली.

फिर्यादी बाईला विचारलं, डबा पुरताना कोण होतं? ती म्हणाली, खड्डा धाकट्या दिराने खणला होता. तो आजारपण सांगून हंगाम अर्धवट टाकून आला होता. समोर बसवल्यावर तासाभरात बोलला. दागिने कडब्याच्या गंजीत सापडले.

हमालाला सोडलं, तेव्हा तो दारात थांबला. "साहेब, फुडं चोरी झाली की पुन्हा मलाच आणणार का?"

मुलीने तो प्रश्न आपल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिला आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. खोडायला सांगावंसं वाटलं, पण सही केली. त्यानंतर जुन्या गुन्हेगारांची यादी उघडण्याआधी मी आपलाच पंचनामा दोनदा वाचू लागलो. तपासात आपल्याला आधीच ठाऊक असलेला माणूस सर्वांत लवकर सापडतो, हे मला त्या मुलीने शिकवलं.

वर्षभराने तो हमाल मानवतच्या बाजारात दिसला. ओळख दाखवायला म्हणून मी जीपमधून हात केला. त्याने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं आणि मुकाट्याने जीपकडे चालत आला.