शून्यावर अडकलेला आकडा

खटपट्या हे नाव बायकोनेच पाडलं होतं, आणि साठी उलटली तरी ते त्याला शोभत होतं. जन्मभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून रोलचे जुने कॅमेरे खोलायला लागला. जेवणाचं अर्धं टेबल त्याने केव्हाच बळकावलं होतं. स्क्रू घरंगळू नयेत म्हणून त्यावर टॉवेल पसरलेला, आणि काढलेले स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवलेले. त्या ट्रेला कुणी बोट लावलं की याचा पारा चढायचा.

कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच धडा ऐकवायचा. मागचं झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळायची किल्ली फिरवून बघा. जड लागली तर आत रोल आहे. हे शंभरदा ऐकवणारा माणूस स्वतः चुकला, तोही सख्ख्या बहिणीच्या कॅमेऱ्यापाशी.

भाऊजींना जाऊन चार महिने झाले होते. कपाट आवरताना ताईला त्यांचा कॅमेरा सापडला. बटण अडकत होतं.

"यांचा आहे. चालू करून दे, एवढंच," ती म्हणाली आणि टेकलीसुद्धा नाही.

तिची पाठ वळताच खटपट्याचे हात शिवशिवले. फोटो मोजणारा आकडा शून्यावर होता. म्हणजे आत काही नाही, असं धरून त्याने झाकण उघडलं. आत रोल होता. झाकण खाडकन मिटलं, पण उजेड जायचा तो आत गेलाच. बिघडलेल्या कॅमेऱ्यातला आकडाही बिघडलेला असू शकतो, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. यालाच तेवढं कळलं नाही.

ताईने रोलचं नावही काढलं नव्हतं. गप्प बसलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि हाच विचार त्याला बसू देईना. रोल धुणारं शहरात एकच दुकान उरलं होतं, तिथे त्याने रोल टाकला; आठ दिवस लागणार होते. आठ दिवस हा माणूस घरभर येरझाऱ्या घालत होता. चहा गार व्हायचा. शटरमधलं वाळून चिकट झालेलं तेल त्याने पुसून काढलं, सगळं बसवलं, पुन्हा खोललं. ताईचा फोन आला की बायकोच्या हातात द्यायचा.

"अहो, पायाला भिंगरी लागलीय का?" बायकोने शेवटी विचारलं.

त्याने सांगून टाकलं.

"मग ताईंना सांगा."

"सगळे फोटो गेले असतील तर?"

"तरी सांगा."

"तुला काय जातंय बोलायला!" तो खेकसला, आणि लगेच ओशाळला.

नवव्या दिवशी फोटो आले. बावीस शाबूत होते, पुढचे सगळे पांढरेफटक. बावीसच्या बावीस ताईचे होते: केस विंचरणारी, बसची वाट बघणारी, पेपर तोंडावर घेऊन झोपलेली. भाऊजी एकातही नव्हते. पांढरे फोटो खिशातच ठेवावेत, असं ताईच्या जिन्यात त्याला दोनदा वाटलं. दाराशी पोचल्यावर त्याने सगळंच पाकीट तिच्या हातात दिलं.

ताईने बावीस फोटो भराभर मागे टाकले. पांढऱ्यांपाशी मात्र थांबली.

"माझ्यामुळे गेले ते, ताई. न बघता झाकण उघडलं मी."

"शेवटचे मी काढले होते," ती म्हणाली. "यांचे. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी. आकडा शून्यावर दिसला, म्हणून रोल यांनी काढून ठेवला असेल असं वाटलं मला. सगळं घर पालथं घातलं रे."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती वेळ उघडं होतं?"

"अर्धा सेकंद असेल."

"अर्धा सेकंद म्हणजे किती?"

तोंडाने सांगणं त्याला जमेना. त्याने पिशवीतून कॅमेरा काढला, शटर किती वेळ उघडं राहायचं ते ठरवणारी चकती अर्ध्या सेकंदावर आणली आणि बटण दाबलं. शटर झर्रकन उघडलं आणि मिटलं.

ताई कान देऊन ऐकत होती.

"एवढाच?" ती म्हणाली. "पुन्हा वाजव."