सांधा नसलेला ओटा

आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं सागवानी आहेत. बाबांनी गावाहून लाकूड आणून, सुताराच्या डोक्यावर बसून ती करून घेतली होती. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत लोक हौसेने किचन तोडतात आणि नवं लावतात, पण आमच्या कपाटांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. बाबा गेले, कपाटं राहिली. वरचा ओटा मात्र साधा काळ्या कडप्प्याचा, दोन तुकडे सांधून बसवलेला. सिंकपाशी त्याला तडा गेला, पाणी झिरपून खालच्या कपाटाचा तळ फुगायला लागला, तेव्हा मी ओटा बदलायचा ठरवला.

हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण आईचे डोळे. तिला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून पुण्याहून दादाने फोनवर एकच धोशा लावला होता. गॅस बंद करा, स्वयंपाकाला बाई ठेवा. आईचं उत्तरही ठरलेलं असायचं, "मला दिसतंय." गॅस हातातून गेला की आपण या घरात पाहुण्या, असं तिने मनाशी धरलं होतं. मी तिच्या बाजूने होते. काळ्या दगडावर काळ्या मुठीची सुरी धडधाकट माणसालाही चटकन दिसत नाही. फिका दगड बसवला की आईचं निभेल आणि दादाचं तोंड बंद होईल, असा माझा हिशेब होता.

एका रविवारी कपाटाचं एक दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि आईला घेऊन रिक्षाने घोडबंदरच्या बाजूला दगडवाल्याकडे गेले. दार कशाला, असं रिक्षावाल्याने विचारलंच. मी नुसतं "चला" म्हटलं. एकदा काही ठरवलं की मला प्रश्न सोसत नाहीत.

दगडाच्या उभ्या फाड्या ओळीने टेकवून ठेवलेल्या होत्या. दुकानदार मगाने फाडीवर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "पॉलिश के बाद ऐसा दिखेगा." मी प्रत्येकीशेजारी दार धरून बघत होते. करड्या दगडाजवळ साग निस्तेज दिसला. पांढऱ्याशुभ्र संगमरवराजवळ तो मळकट दिसला, आणि संगमरवर हळदीने, लिंबाने डागाळतो ते वेगळंच. चकचकीत काही नको होतं, ट्यूबलाइटची तिरीप आईच्या डोळ्यांना बोचते. शेवटी एक फिका, किंचित पिवळसर, चमक नसलेला ग्रॅनाइट सापडला. त्याच्याजवळ दार नेलं आणि लाकडातला लालसरपणा एकदम वर आला. मला भरून आलं. बाबांनी नक्की मान डोलावली असती.

पण मला खात्री हवी होती. त्याच दगडाचा एक तुकडा टेबलावर आडवा ठेवायला लावला, पर्समधून घरून आणलेली मोहरीची पुडी काढली आणि त्यावर उपडी केली. "आई, सांग काय आहे?"

"मोहरी," आई लगेच म्हणाली. "आणि सांडलीस किती!"

मी दुकानदाराकडे असं बघितलं, जणू परीक्षा मीच पास झाले होते. आईने तुकड्यावरून तळवा फिरवला. "छान उजळ आहे ग," म्हणाली. मग तिने एवढंच विचारलं, "भैया, जोड किधर आएगा?"

"जोड नहीं आएगा माताजी. पूरा एक पीस."

मीही फुशारकीने म्हटलं, "आता कुठे घाण साचायला जागाच नाही." परत येताना रिक्षात ती गप्पच होती. दार मांडीवर घेऊन दमली असेल, असं मला वाटलं.

गवंड्याने ओटा बसवला. सागवानी कपाटांवर तो फिका दगड इतका शोभून दिसत होता की मी दारात उभी राहून पुन्हापुन्हा बघत होते. आईने चाचपत हळद-कुंकू वाहिलं. नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू घालायचं असतं, ते तिनेच घालायचं, असं मी आधीच जाहीर केलं होतं. दादाला पाठवायला मोबाइलवर व्हिडिओही सुरू केला.

आईने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि नेहमीसारखा डावा हात ओट्यावर टेकवून उभी राहिली. दूध वर आलं. मी म्हटलं, "आलं, आलं!" ते शेगडीवरून उतरून दगडावर पसरलं, आईच्या हाताकडे निघालं. आई हसऱ्या चेहऱ्याने पातेल्याच्या जरा वरच कुठेतरी बघत होती. तिने हात काढून घेतला नाही. मी ओरडेपर्यंत दूध तिच्या बोटांखाली शिरलं होतं.

नळाखाली तिचा हात धरून मी उभी होते. फिक्या दगडावर पांढरं दूध, म्हणून दिसलं नसेल, असं स्वतःला समजावत होते. मग आईच म्हणाली, "जुन्याला सांधा होता ग. बोट सांध्यावर आलं की कळायचं, पुढे गॅस आहे. इथे सगळं सारखंच लागतं."

"आणि दुकानातली मोहरी?"

"दगडावर पडली तेव्हा आवाज नाही का झाला?"

मला तिचा भयंकर राग आला. मलम लावलं तेही रागारागाने. त्या कडप्प्यावर ती कधीपासून निव्वळ बोटांनी रांधत होती, आणि मी रोज तिच्या हातचं गरम जेवून ऑफिस गाठत होते! "तेव्हाच बोलायचंस ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "बोलले असते तर हा ओटा कशाला, बाईच आणली असतीस. दादाला नको सांगूस."

व्हिडिओ मी पाठवला नाही. दादाला फोन मात्र त्याच दुपारी केला.

आता सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जातात. गॅसचा कॉक त्या जाताना बंद करतात आणि मला तसं सांगतात. आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. कधी उठून सागाच्या दारांवरून हात फिरवते, चमच्यांचा ड्रॉवर बिनचूक उघडते, पुन्हा बंद करते. ओट्याला हात लावत नाही.

परवा बाई गेल्यावर तिने मला हाक मारली.

"ओट्याचा रंग नेमका कसा आहे ग?"

"तांदळाच्या पिठासारखा," मी म्हटलं. "थोडा पिवळट."

"हां," आई म्हणाली. "मग शोभत असेल कपाटांना."