कुरडया आणि तलावाकाठचा अंदाज

आमच्या वस्तीत तलावाकाठी एक लहानसे शिवमंदिर आहे. वर्षप्रतिपदेला तेथे पंचांगवाचन करण्याचे काम वडिलांनंतर माझ्याकडे आले. नव्या संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा अधिपती कोण, हे मी वाचतो. लोक कडुनिंबाचा प्रसाद तोंडात धरून ऐकतात आणि घरी जातात. ग्रंथात लिहिले आहे त्यापलीकडे एक अक्षरही मी पदरचे घालत नाही. कोणी विचारलेच, "गुरुजी, मंगळवारी पाऊस हाय का?" तर मला ठाऊक नाही असे सांगतो. जे जाणत नाही ते बोलू नये, हे मला गुरुगृही सर्वांत आधी शिकवले गेले. या शिकवणीला आता काडीची किंमत उरलेली नाही, हे मात्र यंदाच्या चैत्राने शिकवले.

यंदा वाचन संपते न संपते तोच समोरच्या घरातील गृहस्थांनी माझ्या हातून माइक घेतला. सात रस्ता चौकातल्या एका कचेरीतून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांना एकाएकी आकाश दिसू लागले. रोज सकाळी तलावाला फेरी घालून ते वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजचे हवामान' धाडतात. त्याचे भाग तीन: जमीन, हवा आणि तलाव. जमिनीच्या भागात ऊन तापेल असे लिहिलेले असते. सोलापुरात, चैत्रात! हवेच्या भागात वारा दिशा बदलण्याची शक्यता असते. तलावाच्या भागात पाणी उतरल्याचे आणि शेवाळ वाढल्याचे वृत्त असते, जे काठावर बसलेल्या म्हशींनाही दिसत असावे. न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात. या गृहस्थांना धुराची गरज भासत नाही.

"मंडळी, गुरुजींनी वर्षाचं सांगितलं, मी आठवड्याचं सांगतो," ते म्हणाले. "आठवडाभर ढगाचा ठिपका दिसणार नाही. बिनधास्त वाळवणं घाला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेघांच्या अधिपतीला टाळी पडलेली मी आजवर पाहिलेली नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी धाकटी बहीणही होती. यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. वैशाखात तिच्या नातीचे लग्न ठरले होते, आणि रुखवतात मांडायच्या कुरडया आपल्याच हातच्या असाव्यात असा तिचा हट्ट होता. तिच्या मुलीला ते पटत नव्हते. "आई, मागच्या खेपेला सोऱ्या फिरवताना तुझा हात आखडला होता," ती म्हणाली. "एवढ्या वेळेला करून बघ. बिघडल्या तर अक्कलकोट रोडला एक बाई करून देतात, त्यांच्याकडून आणू. आणि मग पुढे सगळंच विकत आणायचं." बहिणीने उठून माळ्यावरचा पितळी सोऱ्या काढला आणि चिंच लावून घासत बसली.

कुरडईचे काम आधी ठरवावे लागते. गहू तीन दिवस भिजतात, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, आणि पुढे कडक ऊन हवे. गहू एकदा पाण्यात पडले की माघार नाही. ऊन मिळाले नाही तर सारे आंबून जाते.

"दादा, उद्या भिजत घालू का?" तिने विचारले.

"मला ठाऊक नाही."

"पंचांगात बघ की काही."

"पंचांगात कुरडया नाहीत."

"तू जन्मात कधी हो-नाही सांगितलं आहेस का? समोरच्यांचं बरं आहे. विचारलं की उत्तर."

तिने समोरच्यांना विचारले. अर्थातच त्यांच्याकडे उत्तर होते.

पाचव्या दिवशी पहाटे चीक शिजला. ऊन तापण्याआधी गच्चीभर पांढरी शुभ्र चक्रे उमटली होती, आणि बहिणीचा हात आखडला नव्हता. त्या सकाळच्या 'हवामाना'त आकाश निरभ्र होते. दुपार कलली तेव्हा अक्कलकोटच्या बाजूने धुळीचा लोट उठला, आणि त्याच्यामागून ढग आला.

समोरच्या गच्चीवरून त्या गृहस्थांच्याच पत्नी ओरडल्या, "अवो, उचला की! बघत काय बसलाय? आभाळ कसं काळं झालंय बघा!"

त्यांची स्वतःची गच्ची झाडून ठेवल्यासारखी रिकामी होती.

"तुम्ही तुमचं कधी काढलंत?" बहिणीने विचारले.

"काडायला घातलंच कुटं? सकाळी ह्यांचा मेसेज आला न्हवं. 'निरभ्र' लिव्हलं की मी पापडाचं पीठ फ्रिजात ठेवते बगा!"

दोन सोलापुरी चादरी खांद्यावर टाकून त्या आमच्याकडे धावत आल्या. त्यांच्या मागोमाग छत्री घेऊन गृहस्थही आले, मदतीला नव्हे, खुलाशाला.

"हा स्थानिक ढग आहे," ते मला म्हणाले. "स्थानिक गोष्टी अंदाजात धरत नाहीत."

"मग अंदाज काय दिल्लीसाटी देता व्हय?" पत्नी म्हणाल्या. "ती छत्री ठेवा आन् हा कोपरा धरा."

त्यांनी कोपरा धरला. संपूर्ण चैत्रात त्यांच्या हातून घडलेले उपयोगाचे काम तेवढेच.

अर्धओल्या कुरडया चादरींत अलगद खाली आल्या, पण पसरायच्या कुठे? बाहेरची खोली लग्नाच्या सामानाने भरलेली, स्वयंपाकघर वीतभर. पंखा आणि मोकळी फरशी होती ती एका देवघरातच. तेथे स्नान केल्यावाचून मी कोणालाही, अगदी बहिणीलाही, येऊ देत नाही. तिने दाराकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. ती मागणार नव्हती. थेंब पडू लागले होते.

मी माझे आसन गुंडाळले, पूजेचा पाट भिंतीला टेकवला आणि म्हणालो, "आत आणा."

"दादा, सोवळं—"

"देवाला मी सांगतो काय सांगायचे ते. तू पंखा लाव."

त्या दिवसाची सायंपूजा मी उंबऱ्याबाहेर उभे राहून केली. देव आणि मी, आमच्यामध्ये आंबूस वासाच्या कुरडयांचे शेत पसरले होते. मंत्र म्हणताना मला त्या गृहस्थांविषयी जे वाटत होते ते पूजेच्या वेळी वाटू नये असे होते; पण वाटले, आणि त्याबद्दल क्षमा मागावी असे अजूनही वाटत नाही.

पुढचे दोन दिवस खणखणीत ऊन पडले आणि कुरडया पुन्हा गच्चीवर जाऊन कडकडीत वाळल्या. तिसऱ्या दिवशी बहिणीची मुलगी आली. बहिणीने तिच्यादेखत कढई ठेवली आणि एक कुरडई तेलात सोडली. क्षणभर ती तळाशी बसून राहिली, आणि मग मोगऱ्यासारखी पांढरी फुलून वर आली. मुलीने तुकडा मोडला, खाल्ला, दुसरा मोडला.

"आता पापडही तूच करणार का?" तिने विचारले.

"म्हणजे काय? नातीचं लग्न आहे," बहीण म्हणाली, आणि हात पुसत गच्चीवर गेली. समोरच्या गृहस्थांच्या पत्नीला तिने मारलेली हाक मला खाली ऐकू आली.

"वहिनी, उद्या पापड घालू का हो?"

"थांबा की जरा," समोरून उत्तर आले. "ह्यांचा मेसेज तर येऊ द्या. उद्या पाऊस म्हनले, की दोगी मिळून घालू."