आधी हात, मग खो

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर संत्रा बर्फीचा डबा होता आणि डोक्यात दादाचा फोन. "यशू दहावीत गेली, तरी खो-खो सोडायचं नाव नाही. आमचं ऐकत नाही. तू खेळाची मास्तरीण, तूच सांग तिला." मी हो म्हणून बसले होते. सारा जन्म शाळेतल्या पोरींना मैदानावर ओढण्यात गेला आणि स्वेच्छानिवृत्तीनंतर पहिलं काम काय, तर घरच्याच पोरीला मैदानावरून उठवायचं.

पण दादाला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? पोरीच्या जातीने काय हुंदडायचं, म्हणून आमच्या वस्तीत लोक नावं ठेवायचे, तेव्हा रोज पहाटे हाच मला सायकलवर डबलसीट मैदानावर न्यायचा. मी पळायची आणि हा माझ्या चपला हातात घेऊन कडेला उभा असायचा. माझी नोकरी, माझं नाव, सगळं त्या सायकलवरून आलं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

पुणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारलं, "कोथरूडला येता का?"

"येतो की. रिक्षा त्यासाठीच घेतलीय," तो म्हणाला. पुणं आल्याची खात्री पटली.

दादाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाटी होती: 'येथे खेळू नये. काच कोणी फोडली हे आम्हाला कळते.' पाटीखालच्या कट्ट्यावर पाच-सहा मुलंमुली फोनमध्ये माना घालून बसलेली. मी सवयीने बोललेच, "अरे, खेळा की जरा."

"कुठे, काकू?" एका मुलीने मान वर करून विचारलं. "शाळा सुटल्यावर क्लासच्या आधी पाऊण तास मिळतो. ग्राउंडवर जाऊन येईपर्यंत तोच संपतो." मी पुन्हा पाटी वाचली.

वहिनीने माझ्यासाठी तर्रीपोहे केले होते. यशूने झणझणीत तर्रीची वाटी बाजूला सारून लिंबू मागितलं. म्हटलं, गेली बाई पोरगी पुण्याच्या पार्टीत. खाऊन झाल्यावर तिने मला गॅलरीत नेलं.

"आत्या, बाबांनी मला समजवायला बोलावलंय ना तुला?"

"हो."

"चालेल. पण आधी बघायला ये. मग काय ते सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने आम्ही नारायण पेठेत निघालो. पेंगता पेंगता मी एक स्टॉप आधीच उतरले. बस गेली आणि मी तशीच फूटपाथवर उभी. पाहते तर यशू पुढच्या स्टॉपवरून पळत परत येत होती, आणि आल्यावर तिला साधी धापही लागली नव्हती. मास्तरणीच्या नजरेने ते बरोबर टिपलं.

घराघरांच्या मध्ये एवढंसं मैदान, पाणी मारलेली लाल माती, दोन टोकांना दोन खांब. पिकल्या मिशांच्या सरांनी मला नीट न्याहाळलं.

"आपण बघायला आलात की शिकवायला?"

"बघायला."

"उत्तम. बाक तिकडे आहे."

आठ मुली ओळीत, एकआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. पाठलाग करणारी मुलगी नवीन होती. तिने घाईघाईत लांबूनच "खो" म्हटलं आणि शिट्टी वाजली.

"पाठीला हात लागला का?" सर म्हणाले. "आधी हात, मग खो. नुसतं ओरडून कोणी उठत नसतं."

हे वाक्य मी स्वतः पोरींना हजारदा ऐकवलं असेल. त्या दिवशी ते मलाच लागलं. दादाने घरात बसून आणि मी नागपुरात बसून, आम्ही दोघांनी लांबूनच ओरडायचं ठरवलं होतं. पोरीच्या पाठीवर हात कोणी ठेवलाच नव्हता.

तेवढ्यात यशूला खो मिळाला. ती उठली, दोन झेपांत खांब गाठला आणि आडवी होऊन पळणारीला टिपलं. कोपर सोललं होतं, पण चेहऱ्यावर असा आनंद की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवताना मी सांगून टाकलं. "दादा, मी तिला सोड म्हणणार नाही."

"काऊन?" त्याचा घास हातातच राहिला.

"तू तिला खेळताना कधी पाहिलंस?"

"एकदाही नाही," वहिनीनेच उत्तर दिलं.

"सकाळी ऑफिसची घाई असते," तो पुटपुटला.

"माझ्या वेळी तर तू रात्रपाळी करून यायचास. तू उभा होतास म्हणून मी पळाले, दादा. आजवर बोलले नाही, आज बोलते. तुझे उपकार मी तिचा खेळ बंद करून फेडणार नाही."

यशू ताटातल्या भाताकडे बघत होती. दादा हात धुवायला उठला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला गाडीत बसवायला आला. बॅग बर्थखाली सरकवायला तो वाकला आणि त्याची पाठ माझ्यासमोर आली. मी तळवा टेकवला, जरा थांबले, मग हळूच म्हटलं, "खो."

"येडी आहेस," म्हणाला आणि खाली उतरला. गाडी हलली तरी मागे वळून पाहिलं नाही त्याने. मला वाटलं, दुखावलाच माझा भाऊ.

सकाळी नागपुरात घराचं कुलूप काढताना फोन वाजला. दादाने फोटो पाठवला होता. त्यात फक्त त्याचा हात, हातात पोरीच्या चपला आणि मागे लाल माती. खाली लिहिलं होतं, "इथे बाक आहे. पण मी उभाच आहे."