तिसऱ्या सहीची जागा

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमननं हातात दिलं, तेव्हा मी पुलगावच्या आमच्या घराच्या ओट्यावर माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत बसले होते. अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मी ते दोनदा वाचलं आणि एका वहीत ठेवून दिलं. सुमतीबाई गेल्या होत्या. आर्वीला, बहिणीच्या घरी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना. आज महिना होऊन गेला, तरी ते कार्ड माझ्यानं फाडवत नाही.

बाई शाळेत मला शिकवायला होत्या, पण त्यांची खरी शाळा लोकांच्या घरात भरायची. कुणाचं पोर शाळेतून पळतंय, कुणाची पोर गप्प गप्प राहते असं दिसलं, की काखेत गुंडाळलेली सतरंजी घेऊन बाई त्या घरी हजर. "बाई कीर्तनाले निघाल्या काय?" असं लोक चिडवायचे. बाईंचं म्हणणं असं, की पाहुणं माणूस आलं की बाप खुर्चीवर बसतो, आई दाराआड उभी राहते आणि पोर मधल्यामध्ये लटकतं. बाईंच्या सतरंजीवर मात्र सगळ्यांनी एकसारखं बसायचं आणि सगळ्यांत लहान असेल त्यानं आधी बोलायचं. मोठ्यांनी मध्ये तोंड घातलं की बाई नुसता हात वर करायच्या. गिरणीच्या कचेरीत कारकून असलेले आमचे ताठ बाबासुद्धा त्या हातापुढे गप्प बसायचे.

आमच्या घरी ती सतरंजी आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. धाकटा भाऊ तापानं गेला होता. त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला बाबांनी दोन दिवस उशीर केला, असं आईच्या मनानं घेतलं ते घेतलंच. दोघं एकमेकांशी बोलेनात. "मालते, तुह्या बाबाले सांग, पान वाढलं." "मालते, तुह्या आईले सांग, मले भूक नाई." दोघं एकाच खोलीत, आणि मधे निरोप पोचवायला मी. हळूहळू माझं स्वतःचं बोलणंच आटलं. शाळेत हजेरीला ओ द्यायचीसुद्धा चोरी झाली. कुणी काही सांगितलं की मान तेवढी डोलवायची, तीही नेहमी होकाराची. बाई दर रविवारी येत राहिल्या. लहान बोलत नाही म्हणून मोठ्यांनाही बोलता येईना. आम्ही चौघं नुसते बसून राहायचो… बाबा घड्याळाकडे बघत, आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आणि एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं तुम्ही बोला ना आता." आई हुंदके देऊन रडली. कितीतरी महिन्यांनी बाबा थेट तिच्याकडे बघून बोलले, "चुकलं माहं." मग तेही रडले.

त्याच सुमारास बाईंना मुंबईच्या एका संस्थेची माहिती कळली. ज्या मुलांचं बिनसलंय त्यांच्याशी, त्यांच्या घरच्यांशी कसं बोलावं, याचं पदवीनंतरचं शिक्षण तिथे मिळायचं. बाई जे सतरंजीवर अंदाजानं करत होत्या, त्याची रीतसर विद्या! इतका उजळलेला त्यांचा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. एका रविवारी त्यांनी एक कागद आणला. आमची हकीकत लिहून मुंबईला पाठवायची होती, त्यासाठी संमती हवी होती. बाबांनी सही केली. आईनं एकेक अक्षर जुळवत केली. मग बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"तिची काऊन पाहिजे, बाई?" बाबा म्हणाले. "घरच्या मोठ्याची झाली न."

बाईंनी हात वर केला. "मालते, तुह्या मनाचं सांग."

मला वाटलं, आमच्या घरातलं सगळं मुंबईचे लोक वाचतील, हसतील. मी म्हणाले, "नाई."

बाई माझ्याकडे बघून हसल्या, "बरं" म्हणाल्या, कागदाची घडी घातली आणि आईला चहा टाकायला सांगितला. मुंबईला त्या काही गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत, हे विचारायचं मला कधी सुचलंही नाही.

तेरावं झाल्यावर मी आर्वीला गेले. बाईंच्या बहिणीनं ती सतरंजी माझ्या हाती दिली. तिच्या घडीत एक पाकीट होतं. आत संस्थेचं पत्र, प्रवेशाच्या अटींचं. प्रत्येक अटीपुढे बाईंच्या लाल पेन्सिलीची खूण. पदवी, खूण. मुलांसोबत कामाचा अनुभव, खूण. दोन शिफारसपत्रं, खूण. वय पस्तिशीच्या आत, खूण, आणि कडेला बारीक अक्षरात, "हेच शेवटचं वर्ष." मग अखेरची अट: एकाच कुटुंबासोबत सलग सहा महिने केलेल्या कामाची हकीकत, कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी. तिथे खूण नव्हती. सलग सहा महिने बाई बसल्या होत्या त्या फक्त आमच्या घरी. आणि प्रमुखाची सही तर झालेली होती! तेवढ्यावर अर्ज गेला असता… माझी सही संस्थेनं मागितलीच नव्हती.

"मावशी, त्यांनी मले सांगितलं काऊन नाई?" मी विचारलं.

"मी तेच म्हटलं होतं तिले," मावशी म्हणाल्या. "तर म्हणे, सांगितलं तं पोरगी हो म्हणन. मंग ते तिच्या मनाचं कुठी राह्यलं?"

पाकिटात तो संमतीचा कागदही होता. बाबांची सही, आईची सही, आणि तिसऱ्या ओळीवर बाईंच्या हातचं माझं नाव, पुढे कोरी जागा. आठ वर्षं कोरी राहिलेली. त्याखाली लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मालती आज नाही म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं." आणि शेजारी तीच खूण.

सतरंजी आता आमच्या पुढच्या खोलीत असते. त्या कोऱ्या जागेवर सही करावी म्हणून या महिन्याभरात मी कितीदा तरी पेन उघडलं. मग ती खूण दिसते, आणि मी टोपण परत लावून टाकते.