चौकटीपलीकडच्या बाया

एका कंपनीकडं मी नोकरीचा अर्ज केला होता. आज तिच्याशिवाय जगाचं पान हलत नाही, तेव्हा ती नवी होती. अर्ज करण्यात चूक काही नव्हती. तो मी तिच्या शोधायच्या चौकटीतच टाइप केला, ही चूक. ‘ताई, जेवण झालं का? तुमच्याकडं जागा आहे का? मला चौकशीच्या कामाचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे.’ मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

हसा. मी तर हसून हसून थकले आता.

तेव्हाच्या त्या शहाणीची, म्हणजे माझीच, बाजू सांगते. मी टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या खोलीत बसायचे. कानाला हेडफोन, पुढ्यात जाडजूड डिरेक्टरी. लोक फोन करून नंबर विचारायचे, पण सरळ कुठं विचारत? ‘स्टेशनकडं जाताना तो हाडाचा डॉक्टर, नाव आठवत नाय, मोठ्या मिशा आहेत.’ तोही शोधून द्यायचा. वेरूळचं देऊळ कधी बंद होतं, अमावस्या कधी लागते, सगळं आम्हालाच. आम्ही डबा उघडला की हमखास घंटी वाजायची. उत्तर मिळालं की पलीकडून फोन खाडकन खाली. शेजारच्या खुर्चीवर चितेगावहून येणारी माझी मैत्रीण असायची. आम्हा दोघींच्या पोळ्या कायम गार.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एकदा तिनं मला गारखेड्यातल्या सायबर कॅफेत नेलं आणि ते पांढरं पान दाखवलं. मधोमध एक चौकट, बाकी सगळं रिकामं. विचारलं की उत्तर येई. मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर आमचीच खोली! पलीकडं बाया बसल्या असणार, कानाला हेडफोन लावून. परदेशात शिकणाऱ्या पोरांनी भाड्याच्या जागेत ही कंपनी काढली, असं मुलगी सांगत होती. पोरांनी काढली म्हणजे राबत बायाच असणार, हा माझा तर्क. लई हुशार होते मी. मग मी एकटीच तिथं जाऊ लागले. दुपारी एक ते दोन मात्र काही विचारायची नाही; त्यांचे डबे उघडलेले असतील. पुढं उत्तरं भराभर येऊ लागली, तर कंपनीनं भरती वाढवली, असं मी ऑफिसात सांगत सुटले.

इकडं आमच्या घंट्या कमी होत चालल्या. विचारणारे कुठं चाललेत, हे मला दिसायला हवं होतं. मी स्वतःच तर तिकडं रांगेत उभी होते. खोली बंद करून आम्हाला बिलाच्या खिडकीवर बसवणार, अशी कुजबुज सुरू झाली. खिडकीत कमीपणा नव्हता. पण मला एकच काम येत होतं आणि ते फार छान येत होतं. मिशांवरून डॉक्टर शोधणारी बाई मी. बिलावर शिक्के मारत बसायचं? म्हणून तो अर्ज.

उत्तर क्षणात आलं. कुठल्याशा टायपिंग क्लासचं पान. मी समजले, आधी टायपिंग सुधारून या म्हणतायत. लगेच चौकातल्या क्लासला नाव घातलं आणि पोरीसोरींच्या रांगेत बसून मशीन बडवू लागले. या वयात हे काय, असं मुलीनं विचारलं तेव्हा गुपित सांगितलं. ती पोट धरून हसली, मग माझं तोंड बघून थांबली. तिथं कुणीच बसलेलं नसतं आई, सगळं यंत्रच करतं, असं तिनं हळू आवाजात समजावलं.

खोली बंद झाली. निवृत्त होईपर्यंत मी शिक्के मारले.

कंपनी वाढतच गेली. आधी पत्ता सांगायची, मग रस्ता दाखवू लागली. आता मी दोन अक्षरं लिहिते न लिहिते तोच मला काय विचारायचंय तेही तीच सांगते. माझ्या नातीच्या तर तळहातावरच असते. आमटीला फोडणी कशाची, हे नात तिला विचारते. मी समोर बसलेली असते. तक्रार नाही. उठून सांगायचा मलाही कंटाळाच येतो. एक ते दोन मात्र मी अजून काही विचारत नाही. लागलेली सवय, दुसरं काय.

मैत्रिणीला हे मी कधी सांगितलं नव्हतं. चौकशीच्या खोलीतली बाई अशी फसली, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? परवा ती गुडघे दाखवायला शहरात आली, जाताना माझ्याकडं टेकली. चहा पिता पिता सांगून टाकलं. ती हसणारच म्हणून मी आधी हसून घेतलं. ती हसली नाही. बशीतला चहा संपवला, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली,

“लाजतीस कशाला? तिथं बाया नव्हत्याच, तरी तू जेवण झालं का इचारलंस. आपण तर बसलेल्या होतो की गं. आपल्याला कुणी इचारलं?”